चौकटीखालची लाल ओळ

मी लाल ओळ बोलतेय. मोबाईलवर फॉर्म भरताना तुमच्या हातून काही राहिलं किंवा चुकलं की लगेच जी उगवते, तीच मी. तुम्ही मला कितीदा तरी पाहिलं असेल, पण थांबून वाचलं असेल क्वचितच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लाल दिसलं की माणूस आधी घाबरतो, मग चिडतो, आणि वाचायचं तेवढं राहून जातं.

माझा जन्म शिरूरला, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या छोट्या ऑफिसात झाला. मला जन्म दिला तेजश्रीनं. ती राहायला कारेगावात. नवरा तिथल्या कारखान्यात, आणि ही रोज एसटीनं शिरूरला येऊन कॉम्प्युटरवर लोकांचे फॉर्म तयार करायची. न्हावऱ्याकडच्या एका दूध संस्थेनं तिला काम दिलं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही. आता ते सुधारलेत, उगीच कशाला उणीदुणी काढा.

काम असं होतं. संस्थेकडे जनावरांचे डॉक्टर होते, विक्रम नावाचे. भला माणूस. पण सगळा भाग त्यांना थेट फोन करायचा. इकडे त्यांचा हात गाईच्या पोटात, आणि तिकडे खिशात फोन कोकलतोय. म्हणून संस्थेच्या सचिवांनी, रोहिदासभाऊंनी, नियम काढला की ज्याचं जनावर आजारी असेल त्यानं मोबाईलवर फॉर्म भरायचा, नोंद झाली की मगच डॉक्टरांची गाडी निघणार.

तेजश्रीनं तो फॉर्म मनापासून केला. वरती गाईचं चित्र टाकलं, हिरवा रंग दिला, सगळ्या चौकटींवर मराठीत लिहिलं. माझी पाळी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि तिची एसटी लागायची वेळ झाली होती. तयार साच्यात माझ्या जागी ‘इनव्हॅलिड’ असा इंग्रजी शब्द होता. तिनं त्याला मराठी शब्द शोधला आणि मला लिहून टाकलं: ‘अवैध माहिती. पुन्हा प्रयत्न करा.’

नाव चुकलं तरी मीच, नंबर चुकला तरी मीच, गाव राहिलं तरी मीच. घरात औषधाची एकच बाटली असावी आणि ती पोटदुखीलाही द्यावी नि खरचटल्यावरही लावावी, तशी माझी गत. शिवाय मला बसवलं होतं पानाच्या अगदी वर. चूक खाली आणि मी माडीवर.

तेजश्रीनं स्वतः फॉर्म भरून पाहिला. तिचं सगळं बरोबर होतं, त्यामुळे मी दिसलेच नाही. रोहिदासभाऊंनी पाहिला, तेव्हाही नाही. सगळे म्हणाले, झकास झालाय. मला कुणी वाचलंच नव्हतं.

मग मी गावोगावच्या फोनांत जाऊन राहिले, आणि माणसं काय चीज आहे ते मला कळायला लागलं.

फॉर्मात एक चौकट होती, ‘जनावराचे वय’. तिथं एकजण लिहायचा, ‘तिसऱ्या वेताची’. दुसरा लिहायचा, ‘चार दाती’. गाईचं वय असं वर्षांत कोण मोजतं? ती किती वेळा व्याली, दात किती आले, यावरच लोक सांगतात. गावाच्या चौकटीत एका मामांनी लिहिलं होतं, ‘मारुतीच्या मागं, पत्र्याचं घर, कुणालाबी इचारा’. इतकं सविस्तर सांगूनही मी त्यांना म्हटलं, अवैध. काय करणार, मला तेवढंच येत होतं.

मी दिसल्यावर लोक काय काय करायचे! कुणी शर्टाच्या टोकानं काच पुसायचं, जणू मी डाग आहे. कुणी रेंज मिळावी म्हणून फोन आभाळाकडे धरायचं. कुणी तेच बटण जोर लावून दाबायचं. बहिऱ्या माणसाशी आपण ओरडून बोलतो तसं. आणि चूक एका चौकटीत असली तरी सगळ्याच चौकटी पुसल्या जायच्या. पुन्हा पहिल्यापासून नाव, गाव, नंबर.

पण या सगळ्या गमतीत एक गोष्ट मला टोचायची. माझ्यावर कुणी रागवायचं नाही. थोडा वेळ खटपट करून माणूस फोन खाली ठेवायचा आणि म्हणायचा, ‘आपल्याला न्हाई जमत हे.’

आता हौसराव आप्पांची गोष्ट सांगते. तिच्यामुळेच माझं आयुष्य बदललं.

आप्पा न्हावऱ्याचे. ऊस, थोडा कांदा आणि दावणीला चार गाई. एके काळी याच दूध संस्थेचे संचालक होते. उभं गाव त्यांना विचारून सोयरिकी ठरवायचं. घरात पत्नी शेवंताबाई आणि सून ललिता. मुलगा पुण्याला नोकरीत. नातीनं आप्पांच्या फोनवर मराठी कीबोर्ड टाकून दिला होता, आणि आप्पा त्यावर ऐटीत बोट चालवायचे. वाढदिवसाच्या शुभेच्छा तर सगळ्यांच्या आधी त्यांच्या.

त्यांची मैना नावाची गाय सकाळी व्याली. कालवड झाली. शेवंताबाईंनी गूळ वाटला. पण दुपारी मैना बसली ती उठेना. मान वळवून कुशीवर टाकली, डोळे मंद झाले. शेवंताबाईंनी तिच्या कानाला हात लावला, तर कान गार.

‘अवो, डाक्टरला बोलवा,’ त्या म्हणाल्या. ‘हिला थंडी भरलीया. मागं रंगुबाईची गाय अशीच गेली.’

आप्पांनी रोहिदासभाऊंना फोन लावला. भाऊ नम्रपणे म्हणाले की आप्पा, तेवढी फॉर्मात नोंद करा, लगेच गाडी निघते, आता नियम सगळ्यांना सारखा.

आप्पा नियम पाळणारे. त्यांनी गोठ्यातच कट्ट्यावर बसून फॉर्म उघडला. नाव लिहिलं, गाव लिहिलं, मोबाईल नंबर लिहिला आणि बटण दाबलं. मी उगवले. अवैध माहिती. पुन्हा प्रयत्न करा. सगळ्या चौकटी कोऱ्या.

त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा मी. त्यांनी नंबरापुढे शून्य लावलं, मग काढलं. आकड्यांत जागा सोडून पाहिली. नावापुढे ‘पाटील’ लावून पाहिलं, तेही नाही. दर वेळी मी त्यांच्यासमोर तेच एक वाक्य घेऊन उभी. मला आतून दिसत होतं की त्यांचं नाव बरोबर होतं, नंबर बरोबर होता. नडत काय होतं तेही दिसत होतं. पण मला लिहून दिलेल्या शब्दांपलीकडे बोलता येत नाही.

शेवंताबाई गाईला पोत्यानं झाकत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘काय म्हणतंय ते?’

‘अवैध म्हणतंय.’

‘कोण अवैध?’

आप्पांनी फोन मांडीवर उलटा ठेवला. मग म्हणाले, ‘मीच.’

आता तुम्हीच पाहा, आमच्या भागात ‘अवैध’ हा शब्द लोकांनी कुठं वाचलेला असतो? पेपरात. अवैध वाळू उपसा, अवैध दारू. शिरूर-दौंडच्या पानावर आठवड्यातून एकदा तरी. ज्या माणसानं कधी कुणाच्या बांधावरचं गवत कापलं नाही, त्याला मी भर दुपारी, त्याच्याच गोठ्यात अवैध ठरवलं होतं. त्यांना वाटलं, आपलं सभासदत्वच रद्द झालं, कुणीतरी आपलं नाव कापलं.

शेवंताबाई बांधावर गेल्या आणि त्यांनी ललिताला हाक मारली. ललिता कांद्याच्या लागणीत होती. चिखलाच्या पायांनी धावत आली. तिनंही आप्पांच्याच फोनवर एकदा फॉर्म भरला, मला एकदा पाहिलं, आणि दुसऱ्यांदा काही भरायच्या भानगडीत पडली नाही. पदर खोचला, फोन पिशवीत टाकला आणि स्कूटी काढली.

मीही तिच्याबरोबर गेले, पिशवीत आदळत. दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर विक्रम खुर्चीत बसून होते. समोर फोन. नोंद आली की निघायचं म्हणून वाट बघत होते.

ललिता म्हणाली, ‘डॉक्टर, आमची गाय खाली पडलीया. फॉर्म आम्हाला आत घेईना. तुम्ही चला, आन् मला काय बोलायचं ते वाटंत बोला.’

डॉक्टरांनी कान गार आहेत का एवढंच विचारलं. ती हो म्हणाली तसे ते उठले. नियमाची आठवण वाटेत कुणालाच झाली नाही.

मैनाची मान तोवर जमिनीला टेकली होती. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली काढली, मानेची शीर शोधली आणि औषध सावकाश सोडायला सुरुवात केली. घाई केली तर काळीज बंद पडतं, म्हणाले. आप्पांनी बाटली धरली होती. ललितानं मला, म्हणजे फोनला, गव्हाणीच्या कठड्यावर ठेवलं होतं, म्हणून मला हे सगळं दिसलं. कालवड कोपऱ्यात हंबरत होती. बऱ्याच वेळानं मैनाच्या अंगावर थरथर आली. तिनं ढेकर दिला. मग शेण टाकलं, आणि शेवंताबाईंच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. शेण पाहून रडलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. ऊन कलल्यावर मैना गुडघ्यांवर आली, एकदा घसरली, आणि मग उभी राहिली.

डॉक्टर हात धुताना हळूच म्हणाले की अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी रोहिदासभाऊंचा फोन आला. डॉक्टर येऊन गेलेत, तेव्हा आता तेवढी नोंद करून टाका म्हणाले, कागदोपत्री बरं पडतं. म्हणजे गाय उभी राहिली तरी माझ्यापासून सुटका नाही.

आप्पा फॉर्मला हात लावेनात. नुसता फॉर्मच नाही, त्यांनी फोनच सोडला. वाजला की ललिताकडे द्यायचे. नातीचा वाढदिवस आला आणि गेला, आप्पांच्या शुभेच्छा नाहीत. शेवंताबाईंनी विचारलं तर म्हणाले, ‘माझ्याच्यानं न्हाई व्हायचं आता. वय झालं.’

गाय वाचली होती, पण आप्पा अजून बसलेलेच होते.

शेवटी शेवंताबाईंनीच त्यांना संस्थेत पाठवलं. आप्पा भांडले नाहीत. फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘रोहिदास, नियम तुझा बरोबर आसंल. मला एवढंच सांग, माझं चुकलं काय?’

रोहिदासभाऊंनी स्वतःच्या फोनवर फॉर्म भरला. क्षणात गेला. ‘माझ्याकडं तर व्हतंय,’ ते म्हणाले. हे वाक्य मी इतक्या ऑफिसांत ऐकलंय, की मला वाटतं ते नोकरीला लागतानाच शिकवत असावेत. मग त्यांनी आप्पांच्या फोनवर भरला. मी आले. पुन्हा भरला. पुन्हा मी. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, लावला. सर्व्हर डाऊन असेल म्हणाले. बाजूला दुधाचा हिशेब विचारायला आलेल्या दोघांनी माना डोलावल्या; सर्व्हर म्हणजे काय ते तिघांनाही माहीत नव्हतं. मग त्यांनी तेजश्रीला फोन लावला.

तेजश्री आली ती संस्थेत नाही, थेट आप्पांच्या घरी. चहा झाल्यावर तिनं आप्पांना फॉर्म भरायला सांगितलं. आप्पा फोन तिच्याकडे सरकवायला लागले, तर तिनं हात मांडीखाली घातले. ‘तुम्हीच भरा आप्पा,’ म्हणाली. ‘मी नुसती बघते.’

आप्पांनी नाइलाजानं सुरुवात केली. नाव. गाव. मग नंबर. तेजश्री पुढं वाकली. आप्पांच्या बोटाखाली आकडे उमटत होते, आपले मराठी आकडे, शाळेत पाटीवर गिरवलेले. तिच्या फॉर्माला फक्त इंग्रजी आकडे ओळखता येत होते. आप्पांनी बटण दाबलं, मी उगवले, आणि तेजश्रीनं मला पहिल्यांदा वाचलं. शब्द न् शब्द वाचला. तिचा चेहरा पडला.

‘आप्पा, तुमचा नंबर बरोबर आहे,’ ती म्हणाली.

‘मग?’

‘आमच्या फॉर्मला मराठी आकडे वाचता येत नाहीत.’

आप्पांनी फोनकडे पाहिलं, वरच्या हिरव्या अक्षरांकडे पाहिलं. ‘मराठी फॉर्मला?’

‘हो.’

शेवंताबाई आतून मेथीची जुडी घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘म्हंजी ह्यांचं कायच चुकलं नव्हतं?’

‘काहीच नाही, मावशी.’

आप्पा उठून गोठ्यात गेले आणि मैनाच्या पाठीवर हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी फोन स्वतः उचलून खिशात घातला.

तेजश्रीनं त्या दिवशी शिरूरला परत जायची घाई केली नाही. आकड्यांचं काम सोपं होतं, ते तिनं ओसरीवर बसूनच केलं. मराठी लिहा की इंग्रजी, फॉर्म दोन्ही घेईल. तिथं आता मी यायचं कारणच उरलं नाही. मग राहिले मी, बाकीच्या चुकांसाठी. तिनं मला नव्यानं लिहायला घेतलं आणि वाचून दाखवायला लागली.

पहिल्यांदा मी झाले, ‘मोबाईल क्रमांक दहा अंकी असणे अनिवार्य आहे.’ मेथी निवडता निवडता शेवंताबाई म्हणाल्या, ‘हे तहसीलीतनं आलंय का?’

तेजश्री हसली. मग तिनं मला दुसऱ्या टोकाला नेलं. ‘अरेरे, काहीतरी गडबड झाली बरं का!’ आणि पुढं एक हसरं पिवळं तोंड. मला स्वतःलाच ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आप्पा म्हणाले, ‘दावणीला गाय पडल्याली असताना हे हसणारं तोंड नगं दाखवू बाई.’

पिवळं तोंड गेलं. बराच वेळ खाडाखोड चालली. माझं एक एक रूप येत होतं नि पुसलं जात होतं. शेवटी मी झाले ती अशी: ‘मोबाईल नंबरात नऊच आकडे आलेत, दहा लागतात. एक राहिला का बघा. बाकीचं तुम्ही लिहिलेलं तसंच आहे.’

आठ आले तर मी आठ म्हणते. मोजायला मला आता येतं. जिथं चूक, त्याच चौकटीच्या खाली मी बसते, माडी सोडली. चौकटी कोऱ्या होत नाहीत. आणि जनावराच्या वयाची चौकट तर तेजश्रीनं काढूनच टाकली. तिथं आता विचारलंय, ‘कितव्या वेताची?’

एका गोष्टीवर मात्र अडलं. तेजश्रीनं फॉर्मच्या तळाशी एक बटण ठेवलं: ‘जमत नसेल तर डॉक्टरांना फोन करा.’ रोहिदासभाऊ म्हणाले, असं केलं तर फॉर्म कोण भरेल? सगळे बटणच दाबतील, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. संस्थेत त्यावर दोन बैठका झाल्या. भाऊंचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. दुसऱ्या बैठकीत डॉक्टर विक्रम, जे कधी बैठकीत बोलत नाहीत, एवढंच म्हणाले: ‘येऊ द्या फोन. त्या दिवशी मी मोकळा बसलो होतो, आणि तिकडं गाय मरत होती.’

बटण राहिलं. आणि गंमत म्हणजे ते फारसं कुणी दाबत नाही. बाहेर पडायला दार आहे म्हटल्यावर माणूस धक्काबुक्की करत नाही, निवांत फॉर्म भरतो. रोहिदासभाऊ आता येणाऱ्या-जाणाऱ्याला फॉर्म दाखवतात आणि सांगतात, ‘आम्ही आधीपासूनच शेतकऱ्याचा विचार केला.’ मी ऐकते आणि गप्प बसते. मला दुसऱ्याच्या वाक्याखाली उगवायची परवानगी नाही.

हल्ली मी फार कमी दिसते. पूर्वी दर फॉर्मामागं तीन-चारदा यायचे, आता दिवसाकाठी एखाद्या वेळी. कुणी म्हणेल, बिचारीला काम उरलं नाही. मला तसं वाटत नाही. तुम्हाला माझी एकच विनंती आहे. घरात, शाळेत, ऑफिसात तुम्हीही कधीतरी लाल ओळ बनता. तेव्हा समोरच्याला ‘चूक’ म्हणून उभं ठेवू नका. कुठं अडलंय ते दाखवा, पुढं काय करायचं ते सांगा, आणि त्यानं केलेलं बाकीचं पुसू नका.

परवाचंच सांगते आणि निरोप घेते. आप्पा आणि ललिता दौंडला लग्नाला गेले होते. घरी शेवंताबाई एकट्या. एका गाईचं सड सुजलं, धार काढू देईना. आप्पांचा फोन घरीच राहिला होता. शेवंताबाईंनी आजवर त्याला फक्त पुसायला हात लावला होता. त्या ओसरीवर बसल्या, चष्मा लावला आणि एका बोटानं, एक एक अक्षर शोधत फॉर्म भरायला लागल्या. नाव लिहायलाच किती वेळ गेला. नंबर लिहिला, बटण दाबलं.

मी उगवले.

त्या दचकल्या. फोन ठेवून देतील असं मला वाटलं. पण त्यांनी तो डोळ्यांजवळ आणला आणि मोठ्यानं, दुसरीतल्या मुलीसारखं, एक एक शब्द वाचला. नऊच. आकडे. आलेत. मग बोटावर मोजलं.

‘व्हय की,’ त्या मला म्हणाल्या. ‘राहिलाच बघ एक.’

मला कुणी उत्तर देईल असं कधी वाटलं नव्हतं. त्यांनी राहिलेला आकडा शोधला आणि त्यावर बोट ठेवलं. पुढं डॉक्टर किती वेळात आले, गाईनं धार दिली की नाही, ते मला सांगता येणार नाही. दहावा आकडा उमटला तेव्हाच मी तिथून गेले होते.